बदली येईपर्यंत

तोताराम झोपे, म्हणजे सगळ्यांचे नाना, विहिरीच्या भिंतीला कान लावून बसले की जमलेल्यांपैकी अर्धे लोक श्वास रोखून धरत आणि उरलेले अर्धे मोबाईलवर चित्रण करत. मुक्ताईनगर तालुक्यात पानाड्यांना, म्हणजे जमिनीतलं पाणी दाखवणाऱ्यांना, तोटा नाही. कोणी तळहातावर नारळ उभा करतो, कोणी कडुलिंबाची बेचकी धरून शेतभर फिरतो. नानांकडे यातलं काही नव्हतं. एक लोखंडी सळई. तिचं एक टोक खडकाला, दुसरं कानाला. बराच वेळ ऐकून ते भिंतीवर खडूने फुली मारत. त्या फुलीवर आडवा बोअर घ्यायचा, म्हणजे विहिरीच्या तळाशी यंत्र बसवून भिंतीत आडवं भोक पाडायचं. बाजूच्या खडकात अडकलेलं पाणी विहिरीत उतरतं. केळीच्या मुलखात अशा भोकांवर अर्धी शेती चालते. नानांची फुली सहसा फसत नसे.

ही विद्या त्यांनी समुद्रात कमावली होती. समुद्राचा आणि खानदेशचा संबंध मिठापुरता, पण तरुणपणी नाना नौदलात गेले आणि पाणबुड्या शोधणाऱ्या जहाजावर लागले.

थोरला मुलगा योगराज याचा वडिलांनी काढलेल्या पाण्यावर विश्वास होता, कानावर नव्हता. तो धुळ्याला कॉलेजात यंत्रांची रेखाचित्रं शिकवायचा आणि देवपुरात राहायचा. जगात जे आहे ते वरून, समोरून आणि बाजूने काढता येतं, आणि जे काढता येत नाही ते नसतं, अशी त्याची पन्नाशीपर्यंत निर्वेध चाललेली समजूत. एका दिवाळीत त्याने वडिलांना समोर बसवून त्यांच्या जहाजाचा उभा छेद काढायला घेतला. नाना जहाजाचं नाव घेत नसत, जुन्या बाया नवऱ्याचं घेत नाहीत तसं. नुसतं 'आमचं जहाज'.

ते जहाज राखणदारीचं. मालाची मोठी जहाजं मधून चालणार आणि हे सडपातळ जहाज त्यांच्या कडेकडेने, खाली पाणबुडी आहे का ते ऐकत. वरातीत डोक्यावर बत्ती घेऊन चालणाऱ्या माणसाला जो मान, तोच याला. उजेड याने द्यायचा, नवरदेव दुसराच, आणि ट्रक अंगावर आला तर आधी हाच जायचा. पत्रा पातळ, कारण जाड पत्र्याने वेग जातो. इंजिनांना ऐसपैस जागा, माणसांना उरलेली. आणि अगदी पुढे, तळाला, पाण्याच्या रेषेखाली, एक खोली. आपल्याकडच्या देवघराएवढी. फरशीला पक्का केलेला एक स्टूल आणि कानांना लावायचे दोन गोल. जहाजाच्या पोटातून पाण्यात आवाज सोडायचा आणि तो कशावर आपटून परत येतो का, ते ऐकायचं. परत आला तर खाली कोणीतरी आहे. त्या स्टुलावर नाना बसत.

छेद काढताना योगराजची पेन्सिल अडली. या खोलीचं झाकण वरून लागत होतं. युद्धाच्या वेळी खिट्ट्याही वरूनच घट्ट करायच्या. आत पाणी शिरलं तर ते त्या एका खोलीत राहावं, जहाजभर पसरू नये, अशी ती सोय.

"मग आतल्या माणसाने बाहेर कसं यायचं?" त्याने विचारलं.

"बदली आला की."

"आणि बदली आलाच नाही तर?"

नानांनी चकलीचा तुकडा मोडला. "ऐकत बसायचं."

मग त्यांनी पाळी बदलायची रीत सांगितली. बदली येणारा वरून झाकणावर ठोकतो: एकदा, जरा थांबून दोनदा. आतला तसंच उत्तर देतो. बदली खाली उतरून स्टुलाशेजारी वाकून उभा राहतो आणि कानाचे गोल एका डोक्यावरून थेट दुसऱ्या डोक्यावर जातात. तान्हं मूल या कडेवरून त्या कडेवर द्यावं तसे. मध्ये क्षणभरही स्टूल रिकामा ठेवायचा नाही. योगराजला तेव्हा कळलं की लहानपणी नाना ताटावर एक आणि मग दोन टिचक्या मारून दोघा भावांना जेवायला बोलवत, ती टिचकी कुठली होती.

नानांच्या कानावरचे गोल शेवटी ज्याने घेतले तो पुना. धुळ्याचा, देवपुरातलाच. नाना लग्नासाठी रजेवर निघाले. लग्न आधी ठरलेलं, रजा आधी मंजूर झालेली, युद्ध मागून आलं. अंगावरची हळद निघायच्या आत रेडिओवर बातमी आली की जहाज बुडालं. "माह्यामुळे वाचले," असं त्यांच्या पत्नी सुनंदाबाई जन्मभर पाहुण्यारावळ्यांना सांगत आल्या आणि नाना जन्मभर त्यावर हसत आले. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मात्र ते केळीची फणी आणि आंबे घेऊन धुळ्याला जात, पुनाच्या बहिणीकडे, ताईबाईकडे. आखाजीला घरोघरी, गेलेल्या माणसाच्या नावाने, पाण्याची घागर भरतात, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात. ताईबाईने भावाची घागर कधी भरली नाही. त्याला गेलेला कोणी पाहिलाय, असं ती विचारायची, आणि या प्रश्नाला नौदलाकडेही उत्तर नव्हतं.

घरच्या विहिरीत नानांनी तीन बाजूंना फुल्या मारल्या होत्या. पश्चिमेची भिंत कोरी. योगराजने एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, तिकडे माणसं कामावर आहेत. पश्चिमेला दुसऱ्याची केळी होती आणि तिथे माणसं कामाला असायचीच, तेव्हा योगराजने तो विषय आपल्या परीने समजून घेतला.

यंदा आखाजीच्या आधीच ऊन असं तापलं की जळगावची माणसं उन्हाबद्दल बोलायचीही थांबली. विहिरीतले तिन्ही बोअर आटले. धाकटा भाऊ नीलेश शेती बघायचा. बागेत घड भरायला आलेले आणि पानं दुपारी छत्रीसारखी मिटायला लागलेली. केळीला दोन दिवस थांब म्हणून सांगता येत नाही. नीलेशने भटूला बोलावलं. भटू आडव्या बोअरचं काम करणारा, धुळे जिल्ह्यातल्या साक्रीकडचा. नाना दुपारचे लवंडले होते, तेवढ्यात दोघांनी पश्चिमेच्या भिंतीला हात घातला. यंत्र बसावं म्हणून माणूस बसेल एवढा कोनाडा कोरला, त्यातून भोक मारलं, आणि पाणी आलं. नुसतं आलं नाही, उसळून आलं.

भटूने ओंजळ तोंडाला लावली आणि थुंकली. मग तो क्रेनच्या बादलीत बसून वर आला, कारण ही गोष्ट खालून ओरडून सांगण्यासारखी नव्हती.

"नाना, पाणी खारं शे," तो ओट्यावर येऊन म्हणाला. "समिंदरना मायक."

नाना उठून बसले. नीलेश कुठे आहे, एवढंच त्यांनी विचारलं. नीलेश खाली होता, कोनाड्यात, बोअरला पाइप बसवत. ते विहिरीपर्यंत पोहोचायच्या आत पश्चिमेची भिंत बसली.

योगराजला वर्गात फोन आला. रूपाली, नीलेशची बायको. "भाऊ, विहीर बसली. हे खाली हायेत," एवढं बोलून तिने फोन कापला नाही, नुसता हातात धरून ठेवला, मागचा गलका त्याला गाडीत जळगावपर्यंत ऐकू येत राहिला. त्या रस्त्यावर त्याने दोन सिग्नल पाळले. याचं त्याला पुढे फार वाईट वाटायचं.

तो पोहोचला तेव्हा विहिरीपाशी मांडव पडलेला होता. गावातल्या लग्नाचाच, उपटून इकडे आणलेला, झालरीसकट. एक बचाव पथक आलं होतं आणि ते दुसऱ्या पथकाची वाट पाहत होतं. पथकाचे साहेब समजूतदार होते. नीलेश ढिगाऱ्याखाली असेल तर काही बोलायला नको, कोनाड्यात असेल तर जिवंत असेल. घाई केली तर आणखी माती येईल, नाही केली तर आतली हवा संपेल. हे त्यांनी योगराजला खुर्ची देऊन सांगितलं. योगराज स्वतः वर्गात असंच सांगायचा: प्रश्न नीट मांडला की निम्मा सुटतो. उरलेला निम्मा खाली होता.

विहिरीच्या काठावर, उन्हात, नाना बसले होते. मोटारीचा लोखंडी पाइप तळापासून काठापर्यंत आलेला; त्याला त्यांनी कान लावला होता. लोखंड इतकं तापलेलं की कानाची पाळी लाल झाली होती. ते विळ्याच्या मुठीने पाइपवर ठोकत. एक. मग दोन.

"ऐक," ते म्हणाले.

योगराजने कान लावला. भाजलं, तरी लावला. बराच वेळ काही नाही. मग खालून, घाईघाईने, वेडंवाकडं: टक. टकटक.

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने रूपालीला खुणेने सांगितलं, आहे.  साहेबांनी लगेच ते दुसऱ्या पथकाला फोनवर कळवलं.

नाना हलले नाहीत. त्यांनी पुन्हा ठोकलं. घाईचं उत्तर आलं आणि त्याच्या मागे, खोलवर, आणखी एक. तसंच ठोकणं, पण सावकाश. एकसारखं. ज्याला कुठलीच घाई नाही अशा हाताचं.

"प्रतिध्वनी," योगराज म्हणाला.

"प्रतिध्वनी नंतर येतो," नाना म्हणाले. "आता ऐक." आणि त्यांनी विळा खाली ठेवला.

कोणी ठोकलं नव्हतं. सावकाश ठोकणं खालून आलं. मग नीलेशचं, घाबरलेलं, त्याला उत्तर दिल्यासारखं.

योगराजने मनात त्या विहिरीचा उभा छेद काढून पाहिला. ढिगारा, कोनाडा, भोक. भोकाच्या पलीकडे मुरूम आणि खडक, आणि पुढे तोच मुरूम, तोच खडक, थेट गुजरातपर्यंत. माणूस बसेल अशी जागा त्यात कुठेच येत नव्हती. त्याने चित्र पुसून पुन्हा काढलं. तेवढ्यात भटू शेजारी येऊन बसला आणि त्यानेही पाइपला कान लावला. त्याचा चेहरा पाहून योगराजला वाटलं, याला विचारू नये. भटूने न विचारता सांगितलं.

"आतमा कोणीतरी बोली ऱ्हायनं. आमना धुळानी बोली शे."

नानांनी डोळे मिटले. "पुना," ते म्हणाले. ओळखीचा माणूस बाजारात दिसावा तसं म्हणाले.

ऊन कलायला लागलं. दुसरं पथक वाटेत होतं, असं साहेब दर वेळी सांगत होते आणि ते खोटंही नसावं. खालचं घाईचं ठोकणं हळूहळू विरळ झालं. रूपाली पाइपजवळ येऊन उभी राहिली होती. तिला कान लावायचा धीर होत नव्हता. ती योगराजच्या तोंडाकडे बघत होती आणि योगराज तोंड सांभाळत होता.

मग घाईचं ठोकणं थांबलं.

उरलं ते एकच. सावकाश. एकसारखं.

नाना कितीतरी वेळ ऐकत राहिले.  "हा हात नीलेशचा आहे," ते म्हणाले.

"मग बरं आहे की, नाना. जिवंत आहे तो."

"घाई गेली त्याची." नाना उठून उभे राहिले. "स्टुलावर बसवलं त्याला."

योगराजला काहीतरी शहाणपणाचं बोलायचं होतं. त्याच्याकडे तसं बरंच असायचं.

"तुझ्याकडे कंगवा आहे का?" नानांनी विचारलं.

त्याने खिशातून काढून दिला. नानांनी टोपी काढून त्याच्या हातात ठेवली आणि पांढऱ्या केसांचा नीट भांग पाडला. पाळीवर जाताना विस्कटलेल्या केसांनी जायचं नाही, हे त्याने त्यांच्याकडून लहानपणी ऐकलं होतं. कंगवा पुसून त्यांनी परत केला.

"मला खाली सोड."

"नाना, काय बोलताय?"

"त्याची पाळी नाही ती. माझी आहे."

योगराजने मांडवाकडे पाहिलं. साहेब पाठमोरे, फोनवर. भटू क्रेनच्या दांड्याला हात लावून उभा, योगराजच्या खुणेची वाट बघत. नाही म्हटलं तर वडील राहतील. हो म्हटलं तर कदाचित कोणीच राहणार नाही. पंचाहत्तरीचा माणूस बसलेल्या विहिरीत सोडायचा, आणि का, तर पाइपवर हात ओळखला म्हणून. वर्गात कोणी असं उत्तर लिहिलं असतं तर त्याने शून्य दिलं असतं.

त्याने रूपालीकडे पाहिलं. ती नको म्हणेल, असं त्याला फार वाटलं.

रूपालीने पदर डोक्यावर घेतला आणि नानांच्या पाया पडली.

योगराजने हात वर केला.

बादली खाली जाताना नाना तिच्यात ताठ उभे होते, एक हात दोराला. वर बघितलं नाही. मांडवातून आरडाओरडा झाला, माणसं धावत आली, पण तोवर ते ढिगाऱ्यावर उतरले होते.

त्यांनी मुठीने दगडावर ठोकलं. एक. मग दोन.

विहीर गप्प झाली. 

आतून उत्तर आलं.

दगड कोसळले नाहीत. सरकले. वरून बघणाऱ्या सगळ्यांनी ते पाहिलं आणि पुढे प्रत्येकाने वेगळं सांगितलं. ढिगाऱ्यात एक काळं तोंड उघडलं, ठेंगण्या दाराएवढं.

नाना वाकले आणि आत गेले.

थोड्या वेळाने तिथून नीलेश रांगत बाहेर आला. त्याने बादलीची कड धरली. भटूने दांडा ओढला. बादली अर्ध्यावर आली तेव्हा पश्चिमेची भिंत पुन्हा बसली. या वेळी आवाज झाला नाही.

नीलेश आपादमस्तक ओला होता. दवाखान्यात त्याचे कपडे वाळले तेव्हा त्यांवर मिठाची पांढरी खपली धरली. दोन्ही कानांभोवती गोल, लाल वळ उठले होते. डॉक्टरांनी ते दगडाचे म्हणून लिहिले.  तिसऱ्या दिवशी, योगराज एकटा शेजारी असताना, नीलेश म्हणाला, "आत एक जण व्हता. मले म्हने, तू बस आता. माह्या कानाले कायतरी लावलं. म्हने, मी जास, घर बहीण शे." मग म्हणाला, "नाना आले, त्यायनं ते काढून घेतलं. माह्याकडे पाहिलंबी नाही. ऐकत व्हते."

विहीर तळापर्यंत उपसली गेली. नाना सापडले नाहीत. कोनाडाही सापडला नाही. पश्चिमेला सलग मुरूम, कधी हात न लागलेला. मात्र त्यातून पाणी सुटलं होतं. गोड. बाग उभी राहिली. सुनंदाबाईंनी कुंकू पुसलं नाही आणि दहावं-तेरावं करू दिलं नाही. ड्यूटीवर गेलेत, म्हणाल्या. दोन्ही जेवणांच्या वेळी त्या काठावर जाऊन पाइपवर ठोकायच्या. उत्तर येतं का, हे योगराजने विचारलं नाही.

आखाजी आली तेव्हा त्यांनीच केळीची फणी आणि आंबे पिशवीत भरून त्याच्या हातात दिले. नानांची खेप चुकवायची नाही. सुतक मानायचं की नाही याचाच निकाल लागला नव्हता, तेव्हा तो गेला. ताईबाईकडे टीव्ही नव्हता, फोन नव्हता. तिला सांगणार कोण, तर तोच. देवपुरात गल्लीच्या तोंडाशी गाडी लावून तो वाक्य जुळवत चालत गेला.

दारातच घागर भरून ठेवलेली होती. वर डांगर, हळदकुंकू. त्याला बरं वाटलं. एवढ्या वर्षांनी म्हातारीने मान्य केलं. ताईबाई उंबऱ्याशी बसली होती. त्याला पाहून तिने ओठांवर बोट ठेवलं.

"शेवटी भरली घागर," तो हलक्या आवाजात म्हणाला. "बरं केलंत अक्का. पुनामामांना पोहोचेल."

ताईबाईने त्याच्याकडे पाहिलं, जसं शाळेत मागे पडलेल्या पोराकडे पाहतात.

"पुनानी कशी भरसू? पुना घर ऊना," ती आतल्या खोलीकडे मान वळवून म्हणाली. "घागर तोतारामभाऊनी शे."

पिशवी त्याच्या हातात राहिली. उंबऱ्यापासून आतल्या खोलीपर्यंत फरशीवर अनवाणी पावलं उमटून वाळली होती, पांढरी. आतून घोरण्याचा आवाज येत होता, खोल, एकसारखा.

"हळू बोल," ताईबाई म्हणाली. "बठ्ठा जलम जागा ऱ्हायना तो."

दार पुरतं लागलेलं नव्हतं. फटीतून खाटेवरचं डोकं दिसत होतं, भिंतीकडे वळलेलं. केस काळेभोर, दाट. आणि कानाभोवती एक गोल वळ, इतका खोल की त्यात बोट बसलं असतं.